खानेसुमारी आणि कैफियत



१९४६ सालच्या पावसाळ्यात, त्रिमंत्री मंडळाच्या योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय हक्कांना जागा नाही हे उघड झाले होते आणि सत्ता कोणाच्या हाती जाणार याच्या वाटाघाटींनी दिल्ली गजबजून गेली होती, अशा दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विद्वानाला एक लहानसे पत्र लिहिले. आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही, पण दडपलेल्या माणसांच्या कामात पडलेल्या प्रत्येकाला आपले नाव ठाऊक असते. मी हिंदुस्थानातील अस्पृश्यांपैकी आहे. निग्रोंच्या प्रश्नाचा मी विद्यार्थी आहे आणि आपले लेखन वाचत आलो आहे. दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास आम्हांला अवश्यच आहे, असा त्या पत्राचा आशय. मग पत्र मुद्द्यावर येते. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचले, आमचे लोकही तसा विचार करीत आहेत, तरी त्या अर्जाच्या दोन-तीन नकला मिळवून पाठवाव्यात. ३१ जुलैला उत्तर निघाले. एका लहान संस्थेने केलेला अर्ज सोबत पाठवीत आहे, परंतु याहून पुष्कळ विस्तृत आणि साधार कैफियत पुढे दाखल होईल असे वाटते, ती झाली की तिचीही प्रत पाठवीन. आपले नाव आणि कार्य मी अनेकदा ऐकले आहे.

दोन थोर पुरुषांच्या पत्रव्यवहारात एखादे उदात्त वचन सापडेल या आशेने कोणी ही पत्रे उघडली तर त्याची निराशा होईल. एक नक्कल मागतो, दुसरा पुराव्यासह मोठा दस्तऐवज देऊ म्हणतो. दोन वकिलांच्या कचेऱ्यांमधला व्यवहार वाटावा असा हा मामला. पण दाद मागायची तर आक्रोश पुरत नाही, दप्तर लागते, हे दोघांनीही आयुष्य खर्ची घालून जाणलेले होते. अमेरिकेतल्या त्या वृद्धाने हे दप्तर कसे उभे केले, कोणत्या किमतीला केले, आणि ते पुढे करूनही दाद कितपत लागली, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

त्यांचे नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. आडनाव मुळात फ्रेंच असल्यामुळे पुष्कळ जण त्याचा फ्रेंच वळणाने उच्चार करतात. ते स्वतः ‘ड्यू बॉइस’ म्हणत आणि इतरांनीही तसेच म्हणावे असा त्यांचा आग्रह असे. नावाच्या बाबतीत हा गृहस्थ मोठा काटेकोर. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात, पण ‘निग्रो’ या शब्दाला तो मान मिळत नसे. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक तळटीप घातली: हा शब्द मी मोठ्या अक्षराने लिहिणार आहे, कारण ऐंशी लाख अमेरिकनांना एका मोठ्या अक्षराचा हक्क पोहोचतो असे मला वाटते. ११ वर्षांनी अमेरिकेतील इतिहासाच्या अग्रगण्य नियतकालिकाने त्यांचा निबंध छापला, पण मोठे अक्षर द्यायला संपादकांनी आपल्या छपाईच्या रिवाजाकडे बोट दाखवून साफ नकार दिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते द्यायला १९३० साल उजाडले. आपल्या देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही. परंतु गावगाड्यात कोणाला ‘अरे’ म्हणायचे आणि कोणाला ‘अहो’ हे जिथे माणसाच्या वयावर ठरत नसे, तिथल्या माणसाला या भांडणाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. आज तो शब्दच मागे पडला आहे, कृष्णवर्णीय म्हणण्याची पद्धत आहे. त्या काळासंबंधी बोलताना मी तो क्वचित वापरीन, तो त्यांनी ज्या आदराने वापरला त्याच आदराने.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या गावचा. गुलामगिरी कायद्याने संपून तीन वर्षे झाली नव्हती. वडील लवकरच घर सोडून गेले, आईने वाढविले, आणि गावातील चर्चमंडळींनी वर्गणी करून मुलाला दक्षिणेतील फिस्क विद्यापीठात धाडले. तेथून हार्वर्ड. तेथे पहिली पदवी पुन्हा मिळवावी लागली, कारण फिस्कची पदवी हार्वर्डच्या हिशेबी पूर्ण धरली जात नव्हती. पुढे युरोपात शिकण्यासाठी त्यांनी स्लेटर फंडाकडे अर्ज केला. या फंडाचे प्रमुख माजी राष्ट्राध्यक्ष हेज. योग्यतेचा निग्रो विद्यार्थीच सापडत नाही असे त्यांचे उद्गार वृत्तपत्रांत आले होते. बाविशीतल्या या तरुणाने त्यांना पत्रावर पत्र लिहून असे काही पेचात धरले की १८९२ साली निम्मे दान आणि निम्मे कर्ज अशी रक्कम पदरात पडली. बर्लिनला श्मोलर आणि वाग्नर यांच्या हाताखाली ते अर्थशास्त्र शिकले. सिद्धान्त मागाहून, आधी वस्तुस्थिती गोळा करा, ही श्मोलर यांची शिकवण त्यांच्या अंगी मुरली. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. प्रबंधाचा विषय होता अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराची बंदी, आणि हार्वर्डच्या ऐतिहासिक ग्रंथमालेचा आरंभ त्याच ग्रंथाने झाला.

आता १८९६. वर्णानुसार वेगळी सोय करणे घटनाबाह्य नाही, असा कौल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ड्यू बॉइस यांना फिलाडेल्फिया शहरातील सातव्या वॉर्डाची पाहणी करण्यासाठी बोलाविले. शहराचा कारभार नासलेला होता, आणि नासवणारे लोक कोण हे भल्या मंडळींनी मनाशी आधीच ठरवून ठेवलेले. विद्यापीठाच्या शिक्क्याचा शास्त्रीय दाखला तेवढा हवा होता. पगार सालीना ९०० डॉलर, हुद्दा ‘समाजशास्त्रातील साहाय्यक’, शिकविण्याचे काम नाही आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेत नाव नाही. नुकतेच लग्न झालेले. वस्तीतल्या अगदी वाईट भागात, एका खानावळीच्या वरच्या एका खोलीत नवराबायकोंनी बिऱ्हाड केले.

स्प्रूस स्ट्रीट ते साउथ स्ट्रीट आणि सातव्या रस्त्यापासून थेट स्कूलकिल नदीपर्यंतची ती लांबोडकी पट्टी या माणसाने एकट्याने पालथी घातली. हाताखाली कारकून नाही, गणक नाही. हातात काठी, अंगावर बर्लिनच्या वळणाचा चोख पोशाख, आणि काखेत सहा प्रकारचे तक्ते: कुटुंबाचा, व्यक्तीचा, घराचा, गल्लीचा, संस्थांचा, आणि गोऱ्यांच्या घरी राहणाऱ्या नोकरांचा. वय किती, जन्म कुठला, धंदा काय, खोल्या किती, भाडे किती, पोटभाडेकरू किती. आपल्याकडे खानेसुमारीच्या कामावर पाठविलेल्या कोणत्याही शाळामास्तरला विचारा. दार अर्धे उघडून उभी राहिलेली बाई पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देते, तिसऱ्याला तिच्या कपाळावर आठी येते, आणि चौथ्याला ती विचारते की हे सगळे तुम्हांला कशाला हवे? ड्यू बॉइस यांना तर हा प्रश्न आपल्याच वर्णाच्या माणसांकडून ऐकावा लागला. विचित्र प्राणी समजून आपल्याला कोणी तपासावे हे त्या लोकांना रुचत नव्हते, हे त्यांनी पुढे आत्मवृत्तात कबूल केले आहे, आणि आपण त्यांना जे शिकविले त्याहून अधिक त्यांच्याकडून शिकलो, असेही. साडेनऊ हजारांवर माणसांची मोजदाद झाली. वॉर्डाचा नकाशा घर न् घर रंगवून काढला, सुस्थितीतले, कष्टकरी, गरीब आणि गुन्हेगार असे चार रंग भरून.

त्या चार रंगांतच या ग्रंथाची सारी ताकद होती असे मला वाटते. ‘निग्रो’ म्हणून ज्या समाजावर शहर एकाच रंगाचा पोचारा फिरवीत होते, तो आतून किती थरांचा आहे हे नकाशाने डोळ्यांपुढे मांडले. आणि ज्याला लोक वर्णाचा दोष म्हणत होते तो पुष्कळसा गुलामगिरीच्या वारशाचा, गिरण्या-कारखान्यांच्या बंद दारांचा आणि वाईट घराला द्याव्या लागणाऱ्या चढ्या भाड्याचा परिणाम आहे हे आकड्यांनी दाखविले. गंमत अशी की त्या तरुण पंडिताची स्वतःची नजर मात्र सगळीकडे निर्मळ नव्हती. गल्लीतल्या पोरांवर आणि आळशी पुरुषांवर त्याने ओढलेले कोरडे वाचताना एखाद्या सोवळ्या सुधारकाची आठवण होते. १८९९ साली ग्रंथ निघाला, वाखाणला गेला, पण विद्यापीठाने त्याआधी, काम संपल्याबरोबरच, ग्रंथकर्त्याला निरोप दिलेला होता.

ते अटलांटा विद्यापीठात आले तेव्हा त्यांच्या मनाचा निर्धार असा होता की जगाचा वर्णाविषयीचा विचार चुकीचा आहे तो अज्ञानामुळे, आणि अज्ञानावरचा उपाय म्हणजे ज्ञान. एका विषयाची एक वर्ष पाहणी, दहा वर्षांत दहा विषय, मग पुन्हा पहिल्यापासून, अशी शंभर वर्षांची योजना त्यांनी आखली. पुढील शतकाचे वेळापत्रक आखणारा हा आशावाद आज बाळबोध वाटेल, पण त्याला तडा कधी गेला याची तारीख आपल्याला जवळजवळ ठाऊक आहे. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज नावाच्या शेतमजुरावर मालकाच्या खुनाचा आरोप आला. वस्तुस्थिती काय ती सौम्य शब्दांत मांडणारे एक निवेदन लिहून, एका संपादकाच्या नावची ओळखचिठ्ठी खिशात घालून, ड्यू बॉइस वृत्तपत्राच्या कचेरीकडे पायी निघाले. वाटेत कळले की जमावाने त्या माणसाला जाळून मारले आहे आणि ते चालले होते त्याच मिचेल स्ट्रीटवर पुढे एका किराणा दुकानात त्याच्या बोटांची पेरे मांडून ठेवली आहेत. ते आल्या पावली परत फिरले. निवेदन खिशातच राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला.

माणसे जाळली जात असताना तटस्थ शास्त्रज्ञ होऊन बसता येत नाही, असे त्यांनी मागाहून लिहिले आहे, आणि चरित्रकार येथे एक रेघ ओढून अलीकडे पंडित, पलीकडे चळवळ्या अशी वाटणी करतात. मला ही वाटणी पटत नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्यांनी जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची जमीनजुमला, शाळा, धंदे यांचे रंगीत आलेख काढून पाठविले आणि सुवर्णपदक मिळविले. १९०३ साली निघालेल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या निबंधसंग्रहात वर्णाच्या पडद्याआडून जगणाऱ्या आणि स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणाऱ्या माणसाच्या दुभंगलेल्या मनाचे वर्णन आहे, मेलेल्या मुलावरचा लेख आहे, पण त्याच पुस्तकात जॉर्जियाच्या एका परगण्यातील कर्ज आणि कापसाचा हिशेबही आहे. त्यांनी मोजणे सोडले नाही. मोजलेले कोणापुढे टाकायचे, एवढे बदलले.

त्या काळचे बडे कृष्णवर्णीय पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी झालेल्या वादाविषयी फार बोलत नाही, तो पुष्कळांना परिचित आहे. हातात कसब येऊ द्या, घरदार उभे राहू द्या, मताधिकाराचे मागाहून पाहू, हा वॉशिंग्टन यांचा पक्ष. हक्क नसतील तर घरदारही टिकणार नाही, हा ड्यू बॉइस यांचा. आधी सामाजिक की आधी राजकीय या वादात आपल्या दोन पिढ्या गेल्या असल्यामुळे त्यातली कटुता आपल्याला अपरिचित नाही. १९०५ साली नायगारा धबधब्यापलीकडे कॅनडाच्या हद्दीत २९ जण जमले आणि त्यातून निघालेला ओघ १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठीच्या राष्ट्रीय संघटनेला मिळाला. या संघटनेचे ‘क्रायसिस’ हे मासिक त्यांनी २४ वर्षे चालविले. नोव्हेंबर १९१० मध्ये पहिल्या अंकाच्या १००० प्रती निघाल्या. १९१९ च्या सुमारास खप लाखावर गेला. झुंडीने मारलेल्या माणसांची मोजदाद त्या मासिकाने नेटाने चालू ठेवली. नाव, गाव, आरोप. १८८९ ते १९१८ या ३० वर्षांचा ताळेबंद संघटनेने १९१९ साली छापला तेव्हा आकडा ३२२४ भरला. फिलाडेल्फियाच्या दारोदार फिरलेला तक्ता आता असा बोलू लागला होता.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ १९३५ चा, ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’. यादवी युद्धानंतर दक्षिणेची जी पुनर्घटना झाली, मुक्त झालेल्या गुलामांना मत मिळाले, तो सारा काळ म्हणजे अडाण्यांच्या हाती सत्ता गेल्याने झालेला धिंगाणा, असा इतिहास अमेरिकेतील शाळांत शिकविला जात होता. आणि त्या मताचे आचार्य, प्राध्यापक डनिंग, कोलंबिया विद्यापीठात होते, ज्या काळात आपले आंबेडकर तेथेच शिकत होते. ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या १९२९ च्या आवृत्तीसाठी ड्यू बॉइस यांनी लिहिलेल्या लेखातील या काळासंबंधीचा मजकूर संपादकांनी गाळला, तेव्हा त्यांनी सबंध लेखच परत घेतला. ग्रंथात त्यांनी दाखविले की त्या सरकारांनी दक्षिणेत सार्वत्रिक शाळा सुरू केल्या. आणि त्याहून धाडसी सिद्धान्त असा मांडला की युद्ध सुरू होताच गुलामांनी मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे जी धाव घेतली तो एक सार्वत्रिक संप होता, आणि पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैन्यात उभे राहिले म्हणून उत्तर जिंकली.

येथे मला जोतीराव फुले यांची आठवण होते. १८७३ साली, म्हणजे ड्यू बॉइस पाच वर्षांचे असताना, त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केले म्हणून केली. इतक्या दुरून, त्या काळी मिळणाऱ्या माहितीवर, जोतीरावांनी याहून वेगळे लिहिणे शक्यच नव्हते, आणि त्या अर्पणपत्रिकेतील उमेद आजही वाचणाऱ्याला हलविते. पण ६२ वर्षांनी ड्यू बॉइस यांनी त्या कृतज्ञतेचा पत्ता दुरुस्त केला. आभार मानायचे तर मळा सोडून निघालेल्या माणसाचेही मानले पाहिजेत.

ज्या कैफियतीचा वायदा आंबेडकरांना केला होता ती २३ ऑक्टोबर १९४७ रोजी, ‘क्रायसिस’ चालविणाऱ्या त्याच राष्ट्रीय संघटनेच्या नावाने, संयुक्त राष्ट्रसंघापुढे दाखल झाली. संपादक ड्यू बॉइस. कायदा, मताधिकार, शिक्षण, घरे अशी प्रकरणे निरनिराळ्या जाणकारांकडून लिहवून घेतलेली. प्रस्तावनेत त्यांनी बजावले की अमेरिकेला धोका रशियापेक्षा तिच्याच मिसिसिपी राज्याकडून अधिक आहे. रशियाने लगेच प्रकरण उचलून धरले, आणि तेच घातक ठरले. मानवी हक्क आयोगाने चौकशीची सूचना फेटाळली, आणि आयोगावरील अमेरिकेच्या प्रतिनिधी एलिनॉर रूझवेल्ट, ज्या संघटनेच्या स्वतःच्या कार्यकारी मंडळावर होत्या, त्याही अर्जाच्या विरुद्ध गेल्या. वर्षभरात संघटनेने ड्यू बॉइस यांनाच नारळ दिला. इकडे आंबेडकर तोवर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले होते. दाद मागण्याची त्यांची जागा बदलली होती.

या माणसाची भक्ती करणे मला जमलेले नाही. पहिल्या महायुद्धात तक्रारी बाजूला ठेवून गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावा असा अग्रलेख त्यांनी लिहिला तेव्हा सैन्यात अधिकारपद मिळण्याची बोलणी चालू होती, आणि अनुयायांना ते खटकले ते रास्तच होते. जपानच्या मांचुरियातील राज्यात त्यांना चांगले दिसले. स्टालिनच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याचे जे गुणगान केले ते वाचताना, घरोघर जाऊन खात्री केल्याशिवाय एक आकडाही न लिहिणारा तो हाच का, असा प्रश्न पडतो. गोऱ्यांचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब त्यांनी फारसा तपासला नाही.

त्यांच्या सरकारनेही त्यांच्याविषयी फारसे काही तपासले नाही. अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या एका शांतता केंद्राचे ते अध्यक्ष होते. परक्या सत्तेचे हस्तक म्हणून नोंद केली नाही या आरोपावरून फेब्रुवारी १९५१ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या न्यायालयात उभे केले. ८३ वा वाढदिवस आठवड्यावर आला होता. बोटांचे ठसे घेतले, हातात बेड्या घातल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे चाळणाऱ्या या माणसाविरुद्ध सरकार पक्षाकडे पुरावाच नव्हता. सरकार पक्षाचे म्हणणे मांडून संपताच न्यायाधीशांनी बचावाची वाट न पाहता खटला निकालात काढला. वर्तणुकीची साक्ष द्यायला आइन्स्टाइन तयार होते, त्यांना येण्याची गरज पडली नाही. निर्दोष सुटलेल्या या गृहस्थाचा पासपोर्ट मात्र पुढे १९५८ पर्यंत अडवून ठेवला होता, त्यामुळे १९५७ साली घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याचे निमंत्रण असूनही त्यांना जाता आले नाही.

१९६१ साली, ९३ व्या वर्षी, आफ्रिकेचा ज्ञानकोश करण्यासाठी ते घानाला गेले आणि तेथेच २७ ऑगस्ट १९६३ रोजी वारले. ज्ञानकोश अपुरा राहिला.

आणखी एक नोंद करून मी आपली रजा घेतो. ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ साली त्यांना ‘साहाय्यक’ या हुद्द्यावर घेतले, वर्गात उभे राहू दिले नाही आणि पुस्तिकेत नाव घातले नाही, त्या विद्यापीठाच्या विश्वस्तांनी २०१२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात त्यांची समाजशास्त्राचे सन्माननीय प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. उमेदवाराच्या मृत्यूला तेव्हा ४८ वर्षे होऊन गेली होती.